आमची वाटचाल : रिक्वायरमेंटची नाती सांभाळताना

पुण्यात कोथरूडमधल्या दोन खोल्यांत आम्ही तिघांनी हा व्यवसाय सुरू केला, तेव्हा आमच्या कोटेशनमध्ये क्लाउड (इंटरनेटवरून वापरायचे दुसऱ्या कंपनीचे सर्व्हर) हा शब्द कुठेही नव्हता. चाकण आणि तळेगावच्या वाहन कारखान्यांसाठी इलेक्ट्रॉनिक नियंत्रकांचे सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या लहान कंपन्या हे आमचे ग्राहक. त्यांच्या आवारातल्या सर्व्हरवर जिरा, म्हणजे प्रकल्पातल्या कामांच्या नोंदी ठेवणारे सॉफ्टवेअर, बसवून द्यायचे, त्यावर रिक्वायरमेंट (उपकरणाने काय करायला हवे हे सांगणारी वाक्ये) सांभाळणारे प्लगइन, म्हणजे जोड-सॉफ्टवेअर, चढवायचे, बॅकअपची व्यवस्था लावायची आणि वर्षभर देखभाल करायची, एवढाच कामाचा पसारा होता. वार्षिक देखभालीच्या करारांवर आमची तिन्ही घरे चालत होती.

या कामात रिक्वायरमेंट हा शब्द फार जबाबदारीचा आहे. ब्रेकचा पेडल दाबल्यापासून किती मिलिसेकंदांत मागचा दिवा लागला पाहिजे, हे एक वाक्य. त्या वाक्याला जोडलेली रचना, रचनेला जोडलेला कोड आणि कोडला जोडलेली चाचणी, अशी ती साखळी असते. वाहनांच्या इलेक्ट्रॉनिक सुरक्षेसाठीचे आयएसओ 26262 हे मानक 2011 मध्ये आले, 2018 मध्ये त्याची दुसरी आवृत्ती निघाली, आणि त्याच्या आठव्या भागात ही साखळी कशी राखायची याचे नियम आहेत. तपासणीला आलेला ऑडिटर कोणत्याही एका रिक्वायरमेंटवर बोट ठेवतो आणि तिची चाचणी दाखवा म्हणतो. ती दाखवता आली नाही, तर नियंत्रक उत्तम चालत असूनही काम अडते.

ऑक्टोबर 2020 मध्ये जिरा बनवणाऱ्या अ‍ॅटलासियन कंपनीने जिराची सर्व्हर आवृत्ती बंद करण्याचे जाहीर केले. 2 फेब्रुवारी 2021 पासून नवे परवाने मिळणार नव्हते आणि 15 फेब्रुवारी 2024 नंतर सुरक्षेच्या दुरुस्त्याही थांबणार होत्या. त्यानंतर आमच्या सर्वांत जुन्या ग्राहकाचा फोन आला. “साहेब, जिरा जाईल हो क्लाउडवर, पण आमच्या रिक्वायरमेंटचं काय?” आम्ही त्यांना दोन दिवसांत सांगतो म्हणालो, नीट उत्तर द्यायला आम्हाला कित्येक महिने लागले.

अडचण अशी होती. जिराच्या स्थलांतरासाठी अ‍ॅटलासियनचेच साधन आहे आणि ते प्रकल्प, नोंदी, वापरकर्ते, जोडलेल्या फाइली असे सगळे व्यवस्थित नेते. प्लगइनची माहिती मात्र वेगळी राहते. सर्व्हरवरचे प्लगइन जाव्हात लिहिलेले असते, जिराच्याच प्रक्रियेत चालते आणि त्याच्याच डेटाबेसमध्ये स्वतःचे तक्ते उघडते. या तक्त्यांची नावे ‘एओ’ या अक्षरांनी सुरू होतात. क्लाउडवर त्या डेटाबेसला कोणालाच हात लावता येत नाही. तिथले अ‍ॅप जिराच्या बाहेर राहून ठरलेल्या दारांतूनच बोलते, त्यामुळे त्याच नावाचे प्लगइन दोन्हीकडे असले तरी आतून ती दोन निराळी सॉफ्टवेअर असतात. प्लगइन बनवणाऱ्याने स्थलांतराची वाट बांधली असेल तर ठीक. आमच्या ग्राहकाच्या प्लगइनला तेव्हा ती नव्हती.

म्हणून आम्ही प्लगइनची माहिती हलवणारी स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्रॅम, स्वतः लिहिली, आणि पहिल्या चाचणीत आमच्या हातून मोठी चूक झाली. जिरातल्या प्रत्येक नोंदीला लोकांना दिसणारा एक सांकेतिक क्रमांक असतो आणि आत एक अंतर्गत क्रमांक असतो. दिसणारा क्रमांक स्थलांतरात टिकतो, अंतर्गत क्रमांक नव्याने मिळतो. प्लगइनच्या तक्त्यांनी अंतर्गत क्रमांक धरून ठेवले होते आणि आम्ही ते तसेच नेले. नव्या जागी ते क्रमांक नसतेच तर लिंक तुटल्या असत्या आणि चूक लगेच उघड झाली असती. पण जिराचे अंतर्गत क्रमांक दोन्हीकडे 10000 पासूनच सुरू होतात, त्यामुळे जुना क्रमांक नव्या जागी सापडत होता, फक्त तो दुसऱ्याच नोंदीचा होता. पडद्यावर सर्व लिंक हिरव्या होत्या. ग्राहकाकडच्या चाचणी विभागातल्या ताईंनी सहज एक लिंक उघडली, तर ब्रेकच्या दिव्याच्या रिक्वायरमेंटला खिडकीची काच वर-खाली करण्याची चाचणी जोडलेली होती. ती चाचणी उत्तीर्णही होती. त्या दिवशी ऑफिसात कोणाला जेवण गेले नाही.

त्यानंतर आम्ही अंतर्गत क्रमांकावर विसंबणे सोडले. आधी जुन्या-नव्या क्रमांकांची जुळणी करणारा तक्ता तयार करायचा, मग त्याच्या आधारे झाड (रिक्वायरमेंटची विभाग-उपविभागांतली मांडणी) आणि लिंक नव्याने बांधायच्या, हा क्रम ठरला.

दुसरा धडा दिसायला क्षुल्लक होता. झाडाची रचना सीएसव्ही फाइलमध्ये (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेल्या साध्या मजकुरात) काढून आमच्या एका सहकाऱ्याने ती पाहण्यासाठी एक्सेलमध्ये उघडली आणि सवयीने सेव्ह केली. एक्सेलने 4.10 हा विभाग क्रमांक दशांश समजून 4.1 केला. पहिला आणि दहावा असे दोन विभाग एकात मिसळले, आणि ± या चिन्हाच्या आधी एक परके अक्षर येऊन बसले. सहनशीलतेची मर्यादा सांगणाऱ्या वाक्यात असे अक्षर घुसणे मला आजही सहन होत नाही. तेव्हापासून मधल्या फाइली एक्सेलमध्ये उघडायच्या नाहीत, हा आमच्याकडे नवीन मुलांना पहिल्या दिवशी सांगितला जाणारा नियम आहे.

आज आम्ही खऱ्या स्थलांतरापूर्वी किमान तीन रंगीत तालमी घेतो. प्रत्येक तालमीनंतर रिक्वायरमेंट किती, लिंक किती, झाडाच्या प्रत्येक फांदीवर किती, याची दोन्हीकडे मोजणी होते. पण मोजणी जुळली म्हणून सही घेत नाही, कारण त्या पहिल्या चाचणीतही मोजणी जुळलीच होती. ग्राहकाच्या अभियंत्यांनी स्वतः निवडलेल्या रिक्वायरमेंट हाताने उघडून टोकापर्यंत तपासायच्या, असा आमचा आग्रह असतो. यात त्यांचे दोन-तीन दिवस जातात, आणि काही जण त्यावरून नाराजही होतात. तरीही या मुद्द्यावर आम्ही मागे हटत नाही. जाता जाता जुना पसारा आवरण्याची विनंतीही नाकारतो. आवरायचे ते आधी आवरावे, नाहीतर हरवलेली नोंद पुसली गेली की वाटेत सांडली हे कळायला मार्ग उरत नाही.

बेसलाइनचा प्रश्न सर्वांत नाजूक होता. बेसलाइन म्हणजे एका तारखेला रिक्वायरमेंट जशा होत्या तशा गोठवलेली नोंद. क्लाउडवर ती पुन्हा तयार करता येते, पण मग तिच्यावर तयार केल्याची तारीख आजची पडते. हा पुरावा आहे, आणि पुराव्याची तारीख बदलणे मला मान्य नव्हते. म्हणून जुन्या बेसलाइन जुन्याच सर्व्हरवर ठेवून, तो फक्त वाचण्यापुरता उघडा ठेवावा आणि इंटरनेटपासून पूर्ण तोडावा, असे आम्ही सुचवले. नव्या जागी नवी बेसलाइन घेऊन तिच्यात जुनीचा क्रमांक नोंदवला.

दरम्यान आमचे देखभालीचे करार जवळजवळ संपले. दोन वर्षे ओढाताणीची गेली. भागीदारांनी स्वतःचे पगार थांबवले, पण कर्मचाऱ्यांचे थांबू दिले नाहीत. स्थलांतराची कामे मात्र एकाकडून दुसऱ्याकडे कळत गेली आणि वैद्यकीय उपकरणे बनवणारे ग्राहकही आले. आता जिराच्या डेटा सेंटर आवृत्तीलाही, म्हणजे मोठ्या कंपन्या स्वतःच्या सर्व्हरवर चालवतात त्या आवृत्तीलाही, 28 मार्च 2029 ही अखेरची तारीख मिळाली आहे, त्यामुळे मोठ्या कंपन्यांची विचारणा सुरू झाली आहे. आज आम्ही अकरा जण आहोत, आणि काच वर-खाली करणारी ती चाचणी पकडणाऱ्या ताई आता आमच्याकडे तपासणी विभाग सांभाळतात.

आमच्या त्या पहिल्या ग्राहकाकडे मध्यंतरी ऑडिट झाले. ऑडिटरने जुन्या बेसलाइनमधली एक रिक्वायरमेंट मागितली. कपाटातला सर्व्हर सुरू केला, नोंद उघडली, शेजारच्या पडद्यावर क्लाउडवरची तीच नोंद उघडली, आणि ऑडिटरने दोन्हींतला शब्द न् शब्द वाचून, ± सकट, पुढचा क्रमांक मागितला.