गोकाकचा गेंडा बघायला आसामात

गोकाकजवळच्या चिकदौलीत गेंड्याची हाडं सापडली होती हे वाचल्यापासून ते माझ्या डोक्यातून जाईना. रॉबर्ट ब्रूस फूट या भूगर्भशास्त्रज्ञानं 1874 साली त्यांचं वर्णन छापलं, नाव दिलं राइनोसेरॉस डेक्कनेन्सिस, म्हणजे आपला दख्खनचा गेंडा! ती जात कधीच संपली पण तिचे भाऊबंद आसामात आहेत, मग जानेवारीत बेळगावहून बेंगळूर, तिथून गुवाहाटी असं करत पोबितोरा गाठलं, मी, बायको आणि शहापूरच्या काकू.

अभयारण्य जेमतेम 38 चौरस किलोमीटर आणि 2022 च्या मोजणीत गेंडे 107, त्यामुळं जीप आत शिरली आणि थोड्याच वेळात पहिला दिसला. धुक्यात चरत होता, वरचा ओठ बोटासारखा गवताला गुंडाळायचा आणि ओढायचा, गवत तुटल्याचा आवाज जीपपर्यंत येत होता. नजर अधू पण नाक-कान तिखट, ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं तरी एक कान आमच्याकडंच.

मला सगळ्यात नवल वाटलं ते शेणाच्या ढिगाचं. वेगवेगळे गेंडे एकाच जागी येऊन शेण टाकतात, नवीन आलेला आधी हुंगतो, कोण येऊन गेलं ते त्याला वासावरून कळतं, मग आपली भर घालतो. गाईड म्हणाला, चोरटे शिकारी अशा ढिगांजवळच दबा धरतात, कारण गेंडा तिथं परत येणार हे नक्की. पोटात कालवलं ओ. शिंग म्हणजे काय, आपल्या नखात असतं तेच केराटिन, त्यासाठी एवढा जीव मारायचा?

दुपारच्या फेरीत एक मादी पिल्लाला घेऊन चिखलात बसलेली, पाठीवर मैना, कडेला गायबगळे. "अरे, आपल्या म्हशीगत डुंबुलाय की रे!" काकू एवढ्या जोरात म्हणाल्या की गाईडनं बोट ओठावर ठेवलं. चिखलानं अंग गार राहतं आणि माशाही कमी चावतात. पिल्लू पोटात जवळजवळ सोळा महिने, मग दोन-तीन वर्षं आईच्या मागं मागं, म्हणजे एक मादी गेली की किती वर्षांचं नुकसान बघा.

परत आल्यावर पहिल्याच रविवारी चिकदौलीकडं गेलो. वाटेत ओढ्यात म्हशी बसल्या होत्या, काकूंनी गाडी थांबवायला लावली आणि कितीतरी वेळ काही न बोलता बघत राहिल्या.