बिनबर्फाची पेटी

पेटीतल्या कार्डावरच्या ठिपक्याचा रंग बदललेला होता. दुपारचे सव्वाबारा वाजले होते. कापसाच्या शेताकडेला साठेक माणसं लस घ्यायला बसली होती आणि आमच्याजवळ त्या पेटीतल्या सातच व्हायल, म्हणजे लशीच्या कुप्या, उरल्या होत्या.

हे बेनिन देशाच्या उत्तरेला, बानिकोआरा भागात, नोव्हेंबर २०१२ मध्ये घडलं. वर बुर्किना फासोची हद्द. मेनिंजायटिस (मेंदूच्या आवरणाला सूज आणणारा आजार) यावरच्या मेनाफ्रिव्हॅक लशीची मोहीम सुरू होती आणि साठ्यावर देखरेख करायला मी तिथे होतो.

सेनेगलपासून इथिओपियापर्यंत, आफ्रिकेच्या आडव्या पट्ट्यात २६ देश येतात. कोरडा, धुळीचा ऋतू आला की तिथे मेनिंजायटिसची साथ उठायची. १९९६-९७ च्या साथीत अडीच लाखांवर माणसं आजारी पडली, पंचवीस हजार दगावली. वाचलेल्यांपैकी कित्येकांचे कान गेले. बहुतेक साथींमागे 'ए' गटाचा जंतू असायचा. त्याच्यावर टिकाऊ आणि त्या देशांना परवडेल अशी लस हवी होती, म्हणजे एका डोसला अर्ध्या डॉलरच्या आत. ती पुण्यात, सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार झाली. ६ डिसेंबर २०१० ला बुर्किना फासोत मोहिमेला सुरुवात झाली, त्याच सुमारास माली आणि नायजर, मग एकेक देश. वय वर्षं १ ते २९, प्रत्येकाला एकच डोस.

बानिकोआरात मात्र एक गोष्ट आफ्रिकेत पहिल्यांदाच होत होती. इथे लस बर्फाशिवाय न्यायची होती. भुकटीच्या रूपातली ही लस चाळीस अंशांपर्यंत चार दिवस टिकते हे तपासून भारताच्या औषध महानियंत्रकांनी आणि जागतिक आरोग्य संघटनेने तशी परवानगी दिली होती. ज्या गावात वीज नाही तिथे रोज आइसपॅक कुठून गोठवून आणायचे? त्यापायी लांबच्या वस्त्या सुटायच्या.

मी बारा वर्षं जिल्ह्याच्या लस भांडारात काढलेला माणूस. आयएलआरचं, म्हणजे लशीच्या फ्रिजचं, तापमान सकाळ-संध्याकाळ लिहायचं, दोन ते आठ अंश. लाइट गेली की झोप उडायची. अशा माणसाने परिचारिकांना 'बर्फ ठेवू नका' म्हणून शिकवायचं! पहिल्या दोन दिवसांत मी स्वतःच तीनदा पेटीत हात घालून थंडावा चाचपला होता. नियम तसे सोपे होते. संध्याकाळी उरलेल्या व्हायलवर पेनाने एक रेघ मारायची आणि दुसऱ्या दिवशी तीच आधी वापरायची. चार दिवस बाहेर काढलेली व्हायल फेकायची. शिवाय प्रत्येक पेटीत एक कार्ड ठेवायचं. चाळीसच्या वर पारा गेला की त्याच्यावरच्या ठिपक्याचा रंग बदलतो. बदलला की ती पेटी बाद.

त्या दिवशी आमचा स्वयंसेवक पेटी मोटारसायकलला बांधलेली तशीच उन्हात ठेवून लोकांना बोलवायला गेला होता. सावली दहा पावलांवर होती. तो पोरगा पहाटे चारपासून पायावर उभा होता, त्याला बोलण्यात काही अर्थ नव्हता.

परिचारिका व्हायलवरची व्हीव्हीएम ही उष्णतेची खूण माझ्यासमोर धरून म्हणाली, "मस्यू, व्हीव्हीएम बघा. आतला चौकोन अजून पांढराच आहे. लस चांगली आहे."

दुभाष्याने सांगायच्या आधीच मला ते कळलं. तिचं चुकत नव्हतं. पण व्हीव्हीएम दाखवतो ती साचत गेलेली उष्णता. पारा मध्येच चाळीसच्या वर चढून गेला का, हे फक्त कार्ड सांगतं. सात व्हायल म्हणजे सत्तर डोस. केंद्रावरून नव्या आणायच्या तर कच्च्या रस्त्याने जाऊन-येऊन दीड तास. आणि ही माणसं कापूस वेचायला आलेली, दिवस मोडून थांबणार कशी? उद्या ही टोळी दुसऱ्या शेतात असेल.

मला त्या क्षणी सगळ्यात जास्त भीती वाटली ती त्या साठ जणांची नव्हे. इथे आम्ही एकदा डोळेझाक केली आणि ते उद्या बाहेर आलं, तर बाकीचे देश म्हणतील, बिनबर्फाची लस आम्हाला नको. मग नायजरच्या, चाडच्या वाळूतल्या वस्त्या पुन्हा बर्फाची वाट बघत बसतील. मी सातही व्हायल बाजूला काढल्या, चिकटपट्टी लावून त्यावर तारीख आणि कारण लिहिलं. लेबलवर पुण्याचा पत्ता होता. तो वाचताना पोटात कालवलं.

मोटारसायकल गेली. दुभाष्याने लोकांना खरं काय ते सांगितलं: औषध तापलं, आम्ही ते तुम्हाला देणार नाही, नवं येतंय. कुजबुज झाली. दोघं-तिघं उठले. तेवढ्यात पुढे बसलेल्या एका बाईने शेजारच्या तरुणाच्या खांद्यावर हात ठेवला आणि मोठ्याने काहीतरी बोलली. उठलेले परत बसले. मी दुभाष्याकडे बघितलं. "हा तिचा मुलगा. लहानपणी त्या तापात याचे कान गेले. ती म्हणते, ज्याला घाई असेल त्याने आधी याच्याशी बोलून दाखवावं."

बसून राहवेना. मी शेतात उतरलो. माती लाल, आमच्याकडची काळी. बाकी पऱ्हाटी तीच, उमललेलं बोंडही तेच. यवतमाळला माझे वडील याच महिन्यात वेचणीला असतात. पहिल्या वेचणीआधी आई सीतादहीची पूजा करायची. मी रुमालाची ओटी बांधली आणि बोंड वेचायला लागलो. पाकळ्यांच्या टोकांनी बोटं सोलायची नसतील तर कापूस कसा ओढायचा, हे हात विसरले नव्हते. बायका थांबून बघत राहिल्या, मग एकीने तिच्या ओळीत मला जागा दिली. हळूहळू बरेच जण ओळींत परतले. दीड तासाचे दोन तास झाले, पण कुणी गेलं नाही.

नव्या पेटीतलं कार्ड मी सगळ्यांदेखत उघडून दाखवलं. परिचारिकेने डायल्युएंट, म्हणजे भुकटी विरघळवायचा द्रव, घालून व्हायल हलवली. पहिला बसला तो कान गेलेला तरुण. आईने त्याचा दंड धरला होता, वीस वर्षांचा असूनही.

शेवटी चार पोरं झाडाखाली तशीच बसून राहिली. सुईला भीत असतील असं वाटून स्वयंसेवक त्यांना ओढायला गेला. त्यातल्या सगळ्यात मोठ्याने कमरेची प्लास्टिकची पिशवी सोडली आणि चार कार्डं काढून माझ्या हातात दिली. घामाने मऊ झालेली, घड्यांवर फाटलेली. बुर्किना फासो, डिसेंबर २०१०. मजुरीला हद्द ओलांडून येताना त्यांनी ती बरोबर आणली होती. कुणीतरी त्यांना सांगितलं असणार, कुठेही गेलात तरी हे दाखवा.

एकच डोस पुरे होता, तो त्यांना दोन वर्षांपूर्वी मिळाला होता, तोही पुण्याचाच. आमच्या नोंदवहीत दुसऱ्या देशात लस घेतलेल्यांसाठी रकानाच नव्हता. परिचारिकेने क्षणभर विचार केला, समासात पेनाने '४, बुर्किना' असं लिहिलं आणि कार्डं पुसून पोरांना परत दिली.