आमची वाटचाल : सरकारी सवलती संपल्या, त्यानंतरची गोष्ट

आमचा धंदा किचन ट्रॉली आणि मॉड्युलर फर्निचरचा, साकीनाक्याला गाळा आहे, २००७ ला दादाने आणि मी सुरू केला. पहिल्या वर्षी बिल्डरच्या साइटवरची कामं भरपूर होती, सॅम्पल फ्लॅट, रेडी किचन असं सगळं. मग सप्टेंबर २००८ ला तिकडे अमेरिकेत लेहमन ही मोठी बँक बुडाली आणि दिवाळीनंतर इकडे साइट थंड पडल्या. तेव्हापासून एक प्रश्न माझ्या डोक्यात आहे तो म्हणजे सरकारने हात दिला की मार्केट उठतं हे खरं, पण हात काढून घेतल्यावर ते उभं राहतं का? दोन वेळा हे जवळून बघितलंय म्हणून सविस्तर लिहितोय, नवीन धंदा टाकणाऱ्या पोरांना उपयोग होईल.

पहिली वेळ २००८-०९ ची. डिसेंबर २००८ ला केंद्राने एक्साइज, म्हणजे कारखान्यात बनणाऱ्या मालावरचा कर, सरसकट ४ टक्क्यांनी कमी केली, फेब्रुवारीत अजून २ टक्के, म्हणजे १४ ची ८ झाली. आमची वर्षाची उलाढाल दीड कोटीच्या आतली, त्यामुळे आम्हाला स्वतःला एक्साइज लागतच नव्हती, फायदा मिळाला तो मालाच्या भावात, तोही डीलरने सोडला तेवढाच. आम्हाला खरा हात मिळाला तो व्याजाचा. रिझर्व्ह बँकेने रेपो, म्हणजे ती बँकांना ज्या व्याजाने पैसे देते तो दर, ९ वरून एप्रिल २००९ पर्यंत ४.७५ ला आणला, स्टेट बँकेने पहिल्या वर्षाला ८ टक्क्यांचं होम लोन काढलं आणि लोक परत फ्लॅट बघायला लागले. २०१० च्या बजेटमध्ये प्रणव मुखर्जींनी एक्साइज परत १० केली, मार्केटमध्ये सगळे म्हणाले आता बसणार. बसलं नाही. त्या वर्षी आमचं काम उलट वाढलं. पण महागाई चढत गेली आणि मार्च २०१० पासून ऑक्टोबर २०११ पर्यंत रिझर्व्ह बँकेने एकामागून एक १३ वेळा दर वाढवले, रेपो साडेआठवर गेला, आणि मग २०१२ ला जी मंदी आली ती आम्ही चांगलीच सोसली. म्हणजे सवलत संपली त्या दिवशी काहीच झालं नाही, जे व्हायचं ते दीड-दोन वर्षांनी झालं. ही गोष्ट मी तेव्हाच मनात पक्की केली.

मधल्या वर्षांबद्दल फार लिहीत नाही. नोटाबंदी, जीएसटी, रेरा, सगळ्यांनी पाहिलंय.

दुसरी वेळ कोविडची. मार्च २०२० ला गाळा बंद, कारागीर बरेचसे यूपी-राजस्थानचे, ते मिळेल त्या गाडीने गावाला गेले. मे मध्ये २० लाख कोटींचं पॅकेज जाहीर झालं, त्यात आमच्यासारख्यांसाठी तीन लाख कोटींची गॅरंटीवाली लोन स्कीम होती. फेब्रुवारी २०२० अखेर तुमचं जेवढं कर्ज बाकी असेल त्याच्या २० टक्के, तारण नाही, बँकेचं व्याज जास्तीत जास्त सव्वानऊ टक्के, चार वर्षांची मुदत आणि पहिलं वर्ष फक्त व्याज. आमचं बँकेत सीसी, म्हणजे कॅश क्रेडिटचं कर्ज, चालू होतं म्हणून मिळालं. शेजारच्या गाळ्यात पावडर कोटिंगवाले काका आहेत, आयुष्यात कधी कर्ज घेतलं नाही, त्यांच्या बाकी कर्जाच्या २० टक्के म्हणजे शून्य! ज्याने काटकसरीने धंदा केला त्याच्या हातात काहीच नाही, हे मला आजही पटत नाही.

मग राज्य सरकारने स्टॅम्प ड्युटी कमी केली. मुंबईत ५ ची २ टक्के, १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर २०२०, पुढे मार्चपर्यंत ३ टक्के. एक कोटीच्या फ्लॅटवर सरळ तीन लाख वाचत होते, त्यात होम लोन सात टक्क्यांच्या खाली. एकट्या डिसेंबरमध्ये मुंबईत साडेएकोणीस हजाराच्या आसपास रजिस्ट्रेशन झाली. तेव्हा सगळे म्हणत होते की पुढच्या वर्षीचे गिऱ्हाईक आत्ताच येऊन गेले, एप्रिलनंतर शुकशुकाट होणार. ही भीती अगदीच खोटी नसते, अमेरिकेत २००९ ला जुनी गाडी द्या आणि नवीन गाडीवर सरकारकडून पैसे घ्या अशी स्कीम आली होती, ऑगस्टमध्ये ती संपली आणि सप्टेंबरला गाड्यांचा खप धाडकन खाली आला. मुंबईत एप्रिल २०२१ ला आकडा पडला, दुसरी लाटही होती, पण वर्षभराचं धरलं तर २०२१ ला १ लाख ११ हजाराच्या आसपास, २०२२ ला त्याहून जास्त आणि २०२४ ला १ लाख ४० हजाराच्या वर. ड्युटी परत ५, नंतर मेट्रो सेस धरून ६ झाली, रेपो मे २०२२ च्या ४ वरून फेब्रुवारी २०२३ पर्यंत साडेसहा झाला, तरीही.

का टिकलं? माझं मत सांगतो. पगारदार माणसाचा पगार चालू राहिला, फ्लॅटचे भाव आधीची काही वर्षं फारसे हलले नव्हते आणि घरात कोंडून राहिल्यावर प्रत्येकाला एक खोली जास्त हवी झाली. सवलतीने फक्त त्याला निर्णय आत्ता घ्यायला लावला, पैसे त्याचे स्वतःचेच होते. जिथे गिऱ्हाइकाकडे स्वतःची कमाई आहे तिथे सवलत गेली तरी काम राहतं, जिथे सवलत हीच कमाई आहे तिथे नाही, गाडीच्या स्कीममध्ये तेच झालं.

पण आमच्यापर्यंत हे यायला वेळ लागतो ते लक्षात घ्या. रेडी फ्लॅट घेणारा दोन-तीन महिन्यांत किचनला येतो, ती कामं २०२१ च्या सुरुवातीला आली. अंडर कन्स्ट्रक्शनवाला पझेशन मिळाल्यावर येतो, म्हणजे २०२०च्या ड्युटीचं काम आमच्याकडे २०२३ ला आलं. आणि नेमकं उलट्या बाजूने लोनची मुद्दल सवलतीचं वर्ष संपताच सुरू झाली, तेव्हा प्लाय महाग, बिजागऱ्या-चॅनेल महाग, बाहेरून येणाऱ्या हार्डवेअरचं कंटेनरचं भाडं तर विचारूच नका. हप्ता आधी, ऑर्डर नंतर. २०२१-२२ हे आमचं सगळ्यात कठीण वर्ष, लॉकडाऊनचं नव्हे. त्यात एका बिल्डरने वीस-पंचवीस किचनचं पेमेंट महिनोन्महिने अडकवलं, दादा रोज साइटवर जाऊन बसायचा. त्यानंतर आम्ही बिल्डरचं काम कमी करत आणलं, आता जास्त काम थेट घरमालकाचं, पन्नास टक्के ॲडव्हान्स घेतल्याशिवाय बोर्ड कापायला घेत नाही.

मार्केट कसं आहे हे मी शटरवरून, म्हणजे किचनच्या कपाटांच्या दारांवरून, ओळखतो. हातात पैसा खेळत असला की गिऱ्हाईक ॲक्रिलिक मागतं, टँडम बॉक्स म्हणजे अलगद सरकणारे भारीतले ड्रॉवर मागतं, हळूच आपोआप मिटणारं सॉफ्ट क्लोज तर हवंच. खिसा आवळला की तेच गिऱ्हाईक म्हणतं, "दादा, लॅमिनेटच करा आणि वरचे लॉफ्ट नंतर बघू." २०२२ च्या पावसाळ्यात लॉफ्ट बहुतेक सगळ्यांनी नंतरवर टाकले होते. पुढच्या वर्षी त्यातले काही जण फोन करून परत आले, तेव्हा मला खात्री पटली की उठाव खरा आहे.

आता परत हात मिळालाय. बारा लाखांपर्यंत इन्कम टॅक्स नाही, २०२५ मध्ये रेपो साडेसहावरून सव्वापाचवर आला, सप्टेंबरपासून सिमेंटचा जीएसटी २८ चा १८ झाला, आमचा लाकडी फर्निचरचा १८ तसाच. धंद्यातले मित्र म्हणतात मोठा गाळा घे, हीच वेळ आहे. एजबँडिंगचं, म्हणजे बोर्डाच्या कडेला पट्टी चिकटवायचं, मोठं मशीन मला हवंय, पण त्याचा हप्ता आजच्या गर्दीवर धरणार नाही. अंधेरी-घाटकोपरकडच्या पुनर्विकासातल्या सोसायट्यांची पझेशन २०२७ ला आहेत, त्यातल्या किती जणांनी आत्ताच टोकन दिलंय ते दादा वहीत मांडतोय, तो आकडा जमला तर मशीन येईल.