तुम्ही विचारलंत म्हणून: लॉजिकवाल्याला मेंदूशी काय घेणं?

इंदूरात कुणाचं लग्न असो की गणपतीची आरती, कोणीतरी विचारतंच, "सर, तुम्ही कॉलेजात लॉजिक शिकवता, मग हे मेंदूचे स्कॅन, शुद्ध-बेशुद्ध कुठून आलं मध्येच?" इतकी वर्षं "आवड आहे" म्हणून टाळलं. आवड नाहीये ती.

2004 ची दिवाळी नुकतीच झालेली, नाना आयसीयूत, ब्रेन हॅमरेज. डॉक्टर पेननं नख दाबायचे, हात जरासा आत वळायचा, डोळे बंदच. ग्लासगो स्केलवर, म्हणजे माणूस कितपत शुद्धीवर आहे ते 3 ते 15 मध्ये मोजायच्या मापावर, स्कोअर पाच. "कुछ पता नहीं चल रहा इन्हें," असं ते म्हणाले आणि आम्ही दोघा भावांनी तेच धरून, पलंगाच्या पायथ्याशी उभं राहून रामबागेतलं घर विकायचं ठरवलं, भाव काय येईल, नानांची पेटी कोणी न्यायची इथपर्यंत, आणि तेही मॉनिटरच्या आवाजावरून एकमेकांना ऐकू जावं म्हणून मोठ्यानं. चौथ्या दिवशी नाना गेले.

त्याच टर्मला मी वर्गात शिकवलं होतं: पाऊस पडला तर अंगण ओलं होतं, आता पाऊस नाही म्हणून अंगण कोरडंच असणार, हा तर्कदोष, कोणी पाणी शिंपडलेलं असू शकतं. मग प्रतिसाद दिला तर माणूस शुद्धीवर, प्रतिसाद नाही म्हणून शुद्धच नाही, हे काय वेगळं होतं? तेव्हा मला ते दिसलं नाही.

2006 साली मेंदूशास्त्रज्ञ एड्रियन ओवेन यांचं संशोधन वाचलं. 23 वर्षांची मुलगी, अपघातानंतर पाच महिने बाहेरून काहीच प्रतिसाद नाही. तिला स्कॅनरमध्ये सांगितलं, टेनिस खेळताय अशी कल्पना करा, तर मेंदूचा जो भाग धडधाकट माणसांत चेततो तोच तिच्यातही चेतला. 2010 मध्ये तशा किंवा जेमतेम शुद्धीवर असलेल्या 54 जणांना तपासलं, पाच जणांना हे जमलं.

डॉक्टरांना दोष देत नाही मी. स्कोअर बाहेरून दिसतं ते मोजतो, त्यानं खोटं काही सांगितलं नाही. आणि हेही कबूल, तर्क चुकीचा होता एवढ्यानं नानांना ऐकू येत होतं असं सिद्ध होत नाही, तसं म्हणणं हा दुसरा दोष. तरुणपणी मी तर्कशास्त्रज्ञ गोडेलच्या 1931 च्या प्रमेयावरून (ठरलेल्या नियमांच्या चौकटीत गणितातली काही सत्यं सिद्धच होत नाहीत, असं ते सांगतं) मन म्हणजे यंत्र नव्हेच असं ठासून सांगत फिरायचो. त्या तरुण मला आज विचारावंसं वाटतं, अरे, पलंगापाशी एक साधं जर-तर सुटलं नाही तुला?

भाऊ म्हणतो, नानांना काही कळत नव्हतं, सोड आता. त्या मुलीला दुसरी सूचना होती, स्वतःच्या घरातल्या खोल्यांमधून फिरताय अशी कल्पना करा. ते वाचलं तेव्हा रामबागेतलं घर विकून झालेलं होतं.