अकरावीच्या वर्गातला मतदान कायदा

आज तासाला आमच्या जॉर्जिया या अमेरिकेतल्या राज्याचा 2021 चा मतदान कायदा घेतला आणि वर्ग लगेच दुभंगला. बहुतेक गोरी मुलं म्हणाली, ओळखपत्र मागितलं तर बिघडलं काय? कृष्णवर्णीय मुलांना आजी-आजोबांकडून ऐकलेली 1965 पूर्वीची, कृष्णवर्णीयांना मतदानापासून दूर ठेवणारी साक्षरता चाचणी आठवली.

मी थेट मजकूर वाचायला दिला. टपाली मतासाठी ओळखपत्राचा तपशील हवा. केंद्रापासून 150 फुटांच्या आत रांगेतल्यांना कुणी पाणी वाटायचं नाही (कर्मचारी सोय ठेवू शकतात). "पाणीसुद्धा नाही?" हे दोन्हीकडून आलं! मग प्रत्येकाने न पटणारी बाजू मांडायची, असं ठरलं.

एका मुलीने नकार दिला. "माझ्या आजीच्या विरोधात मी का बोलू?" सक्ती करणं मला अन्यायाचं वाटलं. तिने दोन्ही बाजूंचे दावे मजकुराशी ताडून पाहिले, आणि फार चोख.

2022 पासून इथे वंशाबद्दलच्या 'फूट पाडणाऱ्या संकल्पनां'वर कायद्याचं बंधन आहे, म्हणून अनेक सहकारी हे विषयच टाळतात. मला ते मान्य नाही. ही मुलं लवकरच मतदार होणार आहेत.

महाराष्ट्रातल्या शिक्षकमित्रांनो, आरक्षणावर वर्ग असा विभागला की तुम्ही काय करता? जरूर लिहा.