पोर्टलमधले तीस दिवस: बास्केटबॉलसाठी कॉलेज बदलताना

माझ्या मुलाने दुसऱ्या वर्षाचा हंगाम संपल्यावर कॉलेज बदललं. पुरुषांच्या डिव्हिजन वन (अमेरिकेतल्या कॉलेज खेळांची सर्वांत वरची पातळी) बास्केटबॉलची २०२५ ची ट्रान्सफर विंडो, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्यांनी पोर्टल या ऑनलाइन यादीत नाव टाकायची मुदत, २४ मार्च ते २२ एप्रिल अशी तीस दिवसांची होती. त्या काळात खेळाडू तो होता. ट्रान्सक्रिप्ट (गुणपत्रक), करारांचे मसुदे आणि मिनिटांचे तक्ते माझ्याकडे होते. अमेरिकेतल्या एखाद्या मराठी घरात पुढेमागे हाच प्रश्न येईल, म्हणून सगळा तपशील लिहून ठेवते आहे.

कॉलेज बदलून फायदा होतो का? होतो. पण तो कॉलेजच्या नावातून येत नाही. नव्या टीममध्ये त्याच्या जागेवर खेळायची किती मिनिटं खरोखर रिकामी आहेत आणि आतापर्यंतची किती क्रेडिट्स नव्या पदवीत धरली जाणार आहेत, या दोन आकड्यांतून येतो. हे दोन आकडे हातात नसताना घेतलेला निर्णय म्हणजे अंधारात मारलेला शॉट.

नियम झपाट्याने बदलले आहेत, त्यामुळे चार वर्षांपूर्वी कॉलेज बदललेल्या मुलाचा सल्ला आज लागू पडेलच असं नाही. एनसीएए या कॉलेज खेळांच्या संघटनेचं ट्रान्सफर पोर्टल ऑक्टोबर २०१८ मध्ये सुरू झालं. त्याआधी दुसऱ्या कोचशी बोलायलाही जुन्या कॉलेजची परवानगी लागे, आणि डिव्हिजन वनमध्ये कॉलेज बदललं की सहसा एक वर्ष बाहेर बसावं लागे. २०२१ मध्ये एकदा बदलून लगेच खेळायची मुभा मिळाली. एप्रिल २०२४ पासून अभ्यासाच्या अटी पूर्ण असतील तर कितीही वेळा बदलता येतं. पोर्टलमध्ये नाव टाकायची मुदत मात्र आखडत गेली: ६० दिवस, मग ४५, मग ३०, आणि २०२६ पासून राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम सामन्याच्या दुसऱ्या दिवसापासून फक्त १५.

पहिली पायरी पोर्टलची नाही, कोचबरोबरच्या हंगामाअखेरच्या बैठकीची आहे. तिथे मुलाने एकच प्रश्न नीट विचारायचा: 'पुढच्या वर्षी माझी भूमिका काय, आणि माझ्या जागेवर तुम्ही आणखी कुणाला आणताय?' उत्तर गोलमोल आलं तर ते उत्तरच आहे. पण ही बैठक टाळून थेट पोर्टलमध्ये जाऊ नये, कारण नाव गेल्यावर जुन्या कॉलेजला सत्र संपल्यावर स्कॉलरशिप थांबवता येते, आणि नाव मागे घेतलं तरी परत घ्यायचं बंधन त्यांच्यावर नसतं. पोर्टलमध्ये गेलेल्या प्रत्येकाला जागा मिळत नाही. त्या वर्षी पुरुषांच्या डिव्हिजन वनमधूनच दोन हजारांहून जास्त खेळाडू पोर्टलमध्ये होते, आणि टीम आहेत ३६० च्या आसपास.

प्रत्यक्ष प्रक्रिया छोटी आहे. कॉलेजच्या कम्प्लायन्स ऑफिसला (खेळाचे नियम पाळले जातात का ते पाहणारा विभाग) लेखी विनंती द्यायची, एनसीएएचं ऑनलाइन माहिती-सत्र पूर्ण करायचं, आणि त्यानंतर कामकाजाच्या दोन दिवसांत कॉलेजने नाव टाकायलाच हवं. विनंती तोंडी करू नये. ईमेल करावी, म्हणजे तारीख-वेळ राहते. सत्र आधी उरकून ठेवावं, नाहीतर दोन दिवसांचं घड्याळ सुरूच होत नाही. शुक्रवारी दुपारी विनंती केली तर नाव मंगळवारी दिसेल, हाही हिशेब ठेवावा. ही विंडो फक्त नाव टाकण्यासाठी असते, कॉलेज निवडण्यासाठी नाही. निवड मे महिन्यात केली तरी चालते. ही गोष्ट माहीत नसल्याने अनेक मुलं शेवटच्या आठवड्यात घाईने होकार देतात.

नाव दिसल्यावर पहिल्या ४८ तासांत फोनचा पाऊस पडतो. पोर्टलमध्ये 'संपर्क नको' अशी खूणही करता येते. कुठे जायचं ते जवळपास ठरलं असेल तर ती जरूर करावी. आम्ही केली नाही, आणि तीन दिवस मुलगा एकाही लेक्चरला बसला नाही. पुढे त्याची किंमत मोजावी लागते, ते खाली सांगते.

कोणता फोन खरा, हे ओळखायची आमची कसोटी साधी होती. सहाय्यक कोच बोलतोय की मुख्य कोच? आणि 'तुम्ही त्याचे कोणते दोन प्लेज पाहिलेत?' या प्रश्नावर सामना आणि प्रसंग सांगता येतो का? ज्याने फिल्म पाहिली आहे तो लगेच म्हणतो, 'डाव्या बाजूने पिक-अँड-रोलमध्ये तो पास उशिरा देतो, ते आम्ही सुधारू.' ज्याने पाहिलेली नाही तो कुटुंब, संस्कृती आणि नव्या लॉकर रूमबद्दल बोलत राहतो.

आता मिनिटांचा हिशेब. माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथे घालवावा. सामना ४० मिनिटांचा, कोर्टवर पाच जण, म्हणजे टीमकडे एका रात्री २०० मिनिटं असतात. तीन गार्ड (बाहेरून खेळणारे, चेंडू हाताळणारे खेळाडू) खेळवणाऱ्या टीममध्ये गार्डांच्या वाट्याला १२०. परत येणारे दोन स्टार्टर (सामन्याच्या सुरुवातीपासून खेळणारे) प्रत्येकी ३३ मिनिटं खेळत असतील तर ६६ गेली, उरली ५४. त्या ५४ साठी आधीच दोन मुलं असतील आणि कोच आणखी एक गार्ड आणणार असेल, तर तुमच्या मुलासह चौघांत वाटून साडेतेराच येतात. प्रत्येक कॉलेजसाठी हा तक्ता आम्ही कागदावर केला: कोण पदवी घेऊन जातोय, कोण पोर्टलमध्ये आहे, कोण हायस्कूलमधून येतोय. त्या कोचने आधीच्या हंगामांत आठव्या-नवव्या खेळाडूला किती मिनिटं दिली, हे जुन्या बॉक्स स्कोअरमधून (सामन्याच्या आकडेवारीचे तक्ते) काढलं. काही कोच सात जणांतच सामना संपवतात. तिथे आठवा होण्यात अर्थ नाही. हा तक्ता दर आठवड्याला पुन्हा करावा लागतो, कारण एप्रिलमध्ये दिलेला शब्द मेमध्ये नवा गार्ड आला की पातळ होतो.

वरच्या पातळीवर जाताना खेळातलं काय सोबत येतं, हेही पाहायला हवं. माझं निरीक्षण असं की तीन गुणांचा शॉट, फ्री थ्रो, बचाव आणि रिबाउंड बऱ्यापैकी टिकतात. ड्रिबल करत आत घुसून मिळवलेले गुण कमी होतात, कारण समोरचा सेंटर आता जास्त उंच असतो आणि चेंडूही तुमच्याकडे कमी वेळ येतो. अर्थात अपवाद मोठे आहेत. डाल्टन नेक्ट ज्युनियर कॉलेजमधून (अमेरिकेतलं दोन वर्षांचं कॉलेज) नॉर्दर्न कोलोरॅडोला गेला, तिथून २०२३ मध्ये टेनेसीला, आणि तिथे सामन्यामागे २१.७ गुण करून २०२४ च्या एनबीए ड्राफ्टमध्ये (व्यावसायिक लीगची खेळाडू-निवड) १७ वा निवडला गेला. २०२५ चं विजेतेपद जिंकणाऱ्या फ्लोरिडाच्या पाच स्टार्टरपैकी चौघे दुसऱ्या कॉलेजमधून आलेले होते. त्यांतला वॉल्टर क्लेटन आयोना विद्यापीठातून आलेला.

तरीही मी सगळ्यांना हेली व्हॅन लिथ या महिला खेळाडूचं उदाहरण देते. लुईव्हिलमध्ये तिची सामन्यामागे गुणांची सरासरी १९.७ होती. २०२३ मध्ये ती लुईझियाना स्टेटला (एलएसयू) गेली. एलएसयू तेव्हा नुकतीच राष्ट्रीय विजेती झाली होती, म्हणजे नावात काही कमी नव्हतं. पण तिथे तिला पॉइंट गार्ड (इतरांसाठी खेळ रचणारी) म्हणून खेळवलं, सभोवती गुण करणाऱ्या बऱ्याच जणी होत्या, आणि सरासरी ११.६ वर आली. पुढच्या वर्षी टेक्सास ख्रिश्चनला (टीसीयू) गेल्यावर चेंडू पुन्हा तिच्या हातात आला, सरासरी १७.९ झाली, आणि टीसीयू पहिल्यांदाच राष्ट्रीय स्पर्धेच्या शेवटच्या आठ संघांत पोहोचली. तीच खेळाडू, दोन बदल. एकात भूमिका जुळली नाही, दुसऱ्यात जुळली. आणि न बदलण्याचंही उदाहरण आहेच: झॅक ईडी पर्ड्यूमध्ये पहिल्या वर्षी सामन्यामागे ८.७ गुण करत होता, तिथेच चार वर्षं राहिला आणि २०२३ व २०२४ असा दोनदा देशातला सर्वोत्तम खेळाडू ठरला. कोच मुलाला घडवतोय, मिनिटं हळूहळू वाढताहेत असं दिसत असेल तर राहावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

क्रेडिट्सच्या बाबतीत मात्र घोडं हमखास पेंड खातं. आपल्याकडे विद्यापीठ बदलताना मायग्रेशन सर्टिफिकेट आणि समकक्षतेसाठी खेटे घालावे लागतात, तसंच हे. फक्त इथे खेट्यांवर खेळायची पात्रता अवलंबून असते. अनेक वर्षांची चौकट अशी की पदवीचा ४० टक्के भाग दुसऱ्या वर्षाअखेर, ६० टक्के तिसऱ्या आणि ८० टक्के चौथ्या वर्षाअखेर पूर्ण हवा. ट्रान्सफर होऊन येणाऱ्याला त्या वर्षी नेमकी कोणती टक्केवारी लागू आहे, ते नव्या कॉलेजच्या कम्प्लायन्स ऑफिसकडून लेखी घ्यावं. महत्त्वाचा शब्द 'पदवीचा': क्रेडिट नव्या कॉलेजने नुसतं स्वीकारून भागत नाही, ते निवडलेल्या मेजरमध्ये (पदवीचा मुख्य विषय) मोजलं जायला हवं. १२० क्रेडिट्सच्या पदवीत मुलाची ६२ झाली होती. एका कॉलेजने ती सगळी स्वीकारली, पण बिझनेसच्या मेजरमध्ये त्यांतली ४४ च धरली. उरलेली 'ऐच्छिक' म्हणून बाजूला पडली. तिथे ४० टक्क्यांसाठी लागणाऱ्या ४८ लाही तो चार क्रेडिट्सने कमी पडला असता.

म्हणून होकार देण्याआधी अनधिकृत ट्रान्सक्रिप्ट आणि प्रत्येक कोर्सचा सिलॅबस पाठवून डिग्री ऑडिट (कोणती क्रेडिट्स पदवीत धरली त्याचा लेखी हिशेब) मागावं. कोच म्हणेल, 'ते होऊन जाईल.' ऑडिट कोच करत नाही, रजिस्ट्रार करतो. त्याचा कागद हातात हवा. जुनं कॉलेज क्वार्टर पद्धतीचं (सेमिस्टरऐवजी तिमाही सत्रं) असेल तर आकडा दोन-तृतीयांश होतो: ४५ क्वार्टर क्रेडिट्स म्हणजे ३० सेमिस्टर क्रेडिट्स. बऱ्याच विद्यापीठांत शेवटची ३० क्रेडिट्स तिथेच घ्यावी लागतात, म्हणून चौथ्या वर्षी बदलणाऱ्याने हे आधी पाहावं. आणि चालू सत्र पडू द्यायचं नाही. प्रत्येक सत्रात किमान सहा क्रेडिट्स पास व्हावी लागतात आणि जुनं कॉलेज सोडताना मुलगा तिथल्या नियमांनी पात्र असावा लागतो. एप्रिलमधले बुडालेले तास मेच्या परीक्षेत दिसतात. आमच्याकडे एक कोर्स हातचा गेला, तो उन्हाळ्यात स्वतःच्या खर्चाने पुन्हा करावा लागला.

पैशांबद्दल थोडक्यात. जून २०२५ मध्ये खेळाडूंनी एनसीएएविरुद्ध लढलेल्या हाउस खटल्याची तडजोड मंजूर झाल्यापासून कॉलेजं खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात. पहिल्या वर्षाची मर्यादा सगळ्या खेळांत मिळून कॉलेजमागे सुमारे २०.५ दशलक्ष डॉलर, आणि ती योजना स्वीकारणाऱ्या कॉलेजच्या बास्केटबॉल टीममध्ये जास्तीत जास्त १५ जण. करारात रकमेआधी तीन कलमं वाचावीत: पैसे महिन्याला की हंगामाअखेर, दुखापत झाली तर काय, आणि पुन्हा कॉलेज बदललं तर परत किती द्यायचे. ६०० डॉलर किंवा जास्तीचा बाहेरचा प्रायोजक-करार कळवावा लागतो. एका एजंटने आमच्याकडे २० टक्के मागितले. एनबीएच्या करारावर एजंटला ४ टक्क्यांच्या वर घेता येत नाही, एवढं सांगून आम्ही फोन ठेवला. या उत्पन्नातून कर आपोआप कापला जात नाही, दर तिमाहीला स्वतः भरावा लागतो. स्कॉलरशिपमधला राहण्या-जेवण्याचा भागही करपात्र असतो.

भारतातून एफ-वन व्हिसावर आलेल्या मुलांना आणखी एक पायरी आहे. नव्या कॉलेजचं प्रवेशपत्र मिळाल्यावर जुन्या कॉलेजच्या आंतरराष्ट्रीय ऑफिसकडून सेव्हिस रेकॉर्ड (परदेशी विद्यार्थ्यांची सरकारी नोंद) हलवून घ्यायचं आणि नवा आय-ट्वेंटी (विद्यार्थी व्हिसासाठी कॉलेज देतं ते पत्र) काढायचा. रेकॉर्ड हलल्याच्या तारखेपासून पाच महिन्यांच्या आत वर्ग सुरू व्हायला हवा, त्यामुळे तारीख विचार करून ठरवावी. आणि अमेरिकेत राहून जाहिरात किंवा कार्यक्रम करून पैसे घेण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाला विचारल्याशिवाय काहीही सही करू नये; इथे व्हिसाच धोक्यात येतो.

नवी टीम जूनमध्येच बोलावते. उन्हाळ्यात आठ आठवडे, आठवड्याला आठ तासांपर्यंत सराव चालतो आणि भूमिका तिथेच ठरू लागतात. म्हणून जुने एमआरआय आणि फिजिओच्या नोंदी मे महिन्यातच मागवाव्यात. त्यासाठी मुलाच्या सहीचा वेगळा फॉर्म लागतो. अंतिम ट्रान्सक्रिप्टही तेव्हाच मागवावं. थकबाकी असेल तर काही कॉलेजं ते अडवून धरतात आणि ते येईपर्यंत नवं कॉलेज पात्रता मंजूर करत नाही. आमचं ट्रान्सक्रिप्ट अकरा दिवस अडलं होतं, पार्किंगच्या ४० डॉलरच्या दंडासाठी.