मशीन कानात, तार काउंटरखाली

लंडनच्या काळ्या टॅक्सीत कानाचं चित्र आणि त्याशेजारी 'टी' हे अक्षर दिसतं. माझ्यासारख्या कानाला मशीन लावणाऱ्यांसाठी ही खूण फार मोलाची. बँकेत, पोस्टात, तिकीट खिडकीवर, चर्चमध्ये, नाट्यगृहातही ती भेटते. याला म्हणतात हिअरिंग लूप.

समोरच्याचं बोलणं माइकमधून अ‍ॅम्प्लिफायरमध्ये आणि तिथून काउंटरखाली किंवा खोलीभोवती फिरवलेल्या तारेत जातं. तारेभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतं, ते मशीनमधली टेलिकॉइल नावाची इवलीशी गुंडाळी पकडते. मशीनचा स्वतःचा माइक तेवढ्यापुरता बंद ठेवता येतो. मग रांगेतली बडबड, बॅगांचा खडखडाट सगळं मागे पडतं आणि खिडकीपलीकडचा माणूस थेट कानात बोलतो! आपल्याकडे वाटतं, मशीन लावलं की झालं. पण गोंगाटातून शब्द वेगळा काढणं महागड्या मशीनलाही जड जातं. ऐकू येण्याची अर्धी सोय त्या जागेनं करायची असते, असं माझं ठाम मत झालंय.

अर्थात खूण आहे म्हणून लूप चालू असेलच असं नाही. मी दर वेळी विचारते आणि चालू करायला लावते.

ज्यांची भाषाच खुणांची आहे, त्यांना लूपचा उपयोग नाही. ब्रिटिश सांकेतिक भाषेला 2022 मध्ये कायद्यानं मान्यता मिळाली. त्याच वर्षीच्या जूनपासून आपत्कालीन 999 सेवेला दुभाष्यामार्फत व्हिडिओ कॉल करता येतो. सरकारी दवाखान्यात दुभाष्या बोलावण्याची जबाबदारी दवाखान्याची असते. दुभाष्या डॉक्टरांच्या बाजूला बसतो, म्हणजे रुग्णाला दोघंही एका नजरेत दिसतात. डॉक्टरांनी बोलायचं मात्र रुग्णाकडे बघून. दुभाषे कमी पडतात, तारखा पुढे जातात, हेही खरं. तरी आईच्या आजाराची बातमी दहा वर्षांच्या मुलानं आईला खुणांनी सांगायची, ही वेळ कुणावरच येऊ नये.

पुण्या-नाशकात कुणी आजी-आजोबांसाठी मशीन घेत असाल, तर टेलिकॉइल आहे का, हे आधी विचारा. कानात दडणाऱ्या अगदी छोट्या मशीनमध्ये बहुधा तिला जागा नसते. आपल्याकडे लूप फारशा नाहीत, पण गळ्यात घालायची लूप टीव्हीला किंवा मोबाइलला जोडता येते. आणि टेलिकॉइल असली तरी तिचा प्रोग्रॅम ऑडिओलॉजिस्टकडून सुरू करून घ्यावा लागतो; तो दुकानातून निघायच्या आधीच करून घ्या.